पांढऱ्या दातांचा सोस, हिरड्यांचा विसर

मे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘स्वच्छ मुख अभियान’ जाहीर केले आणि सचिन तेंडुलकर यांना त्याचे ‘स्माइल अॅम्बेसेडर’ नेमले. हिवताप, क्षय, कुपोषण यांच्या रांगेत दात आणि हिरड्या नेहमीच मागे राहिलेल्या. त्यामुळे मौखिक आरोग्याला एवढे मानाचे पान मिळाले, हे स्वागतार्हच होते. तथापि फलकावरच्या शुभ्र हास्यातून प्रत्येक जण आपापल्या सोयीचा अर्थ काढतो. दात पांढरे म्हणजे तोंड निरोगी, हे समीकरण अभियानाने मांडलेले नाही. पण जाहिरातींनी ते कधीच रूढ करून टाकले आहे. रायगडच्या किनारपट्टीवर, उरणच्या करंजा-मोऱ्यापासून अलिबाग, मुरूडमार्गे श्रीवर्धनच्या हरिहरेश्वरापर्यंत, या समीकरणाची किंमत कोण आणि कशी मोजतो, हे पाहण्याजोगे आहे.

या पट्ट्यात दात ‘साफ’ करण्याच्या दोन घरगुती रीती आज शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक जुनी, मशेरीची. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून तिची भुकटी बोटाने दातांवर आणि हिरड्यांवर घासायची. दुसरी नवी, मोबाइलवर मागवलेल्या पांढरेपणाची. कोळशाची पावडर, पेरॉक्साइडच्या पट्ट्या, जेल आणि निळ्या दिव्याची पेटी, किंवा त्याहून स्वस्त म्हणजे लिंबू आणि खायचा सोडा. पहिली बहुधा आजीची, दुसरी नातीची. या दोन पिढ्या एकमेकींच्या सवयीला नावे ठेवतात. पण दोघींच्या बोटाखाली घासली जाते ती हिरडी सारखीच आहे आणि तिच्याकडे दोघींचेही लक्ष नाही.

रंगाची रीत बदलली

दात पांढरेच असावेत, हा आग्रह तसा अलीकडचा. एके काळी महाराष्ट्रात दातवण लावून दात काळे करण्याची रीत होती आणि सुवासिनीचे काळे दात हे शोभेचे लक्षण मानले जाई. आशियात ही एकट्या महाराष्ट्राचीच चाल नव्हती. जपानमध्ये लोखंडाच्या द्रावणाने दात काळे करण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली होती. मेजी राजवटीने १८७० मध्ये दरबारी उमरावांना ती बंद करण्यास फर्मावले आणि पुढे ती मागे पडली. सौंदर्याच्या कल्पना अशा उलट्यासुलट्या होत असतात. काळ्याचे पांढरे झाले, इतकेच.

साधनांचाही प्रवास असाच वर्तुळाकार आहे. कडुनिंब किंवा बाभळीची काडी, चुलीतली राखुंडी, जाडे मीठ, नंतर माकडछाप काळी पावडर, आणि मग पांढरी, फेसाळ टूथपेस्ट. टूथपेस्ट घरोघर पोहोचल्यावर राखुंडी मागासलेपणाची खूण ठरली. आता तोच कोळसा ‘अॅक्टिव्हेटेड चारकोल’ या नावाने, आकर्षक डबीत आणि कितीतरी अधिक किमतीला परत आला आहे. कोकणातल्या म्हातारीने फेकलेली राख नातीने कुरिअरने मागवावी, यातला विनोद सोडला तरी एक प्रश्न उरतोच. राखेने दात झिजतात हे दंतवैद्यकाने दोन पिढ्यांना कानीकपाळी ओरडून सांगितले. मग डबी बदलली म्हणून झीज थांबली का?

थांबलेली नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात २०१७ मध्ये कोळसायुक्त दंतमंजनांवरील उपलब्ध संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. ही मंजने सुरक्षित आहेत किंवा ती दात खरोखर उजळतात, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. कोळसा घासल्यावर दात उजळ दिसतात ते वरचे डाग खरवडले जातात म्हणून. डाग संपले की खरवडण्यासाठी उरते ते इनॅमल. हे कवच एकदा झिजले की शरीर ते पुन्हा तयार करीत नाही. ते पातळ झाले की खालचे पिवळसर डेंटीन अधिक दिसू लागते. म्हणजे पांढरेपणासाठी घासणारा दात शेवटी अधिक पिवळा दिसतो. शिवाय कोळशाचे बारीक कण हिरडी आणि दात यांच्या फटीत अडकून बसतात. हिरडी आधीच सैल असेल तर तेथे काळी रेघ उमटते आणि ती चूळ भरून जात नाही.

मशेरी : मंजन की व्यसन?

मशेरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तिचे बळ तिच्या नावात आहे. बिडी ओढणारा स्वतःला बिडी ओढणारा म्हणवतो, तंबाखू मळणाराही आपले व्यसन नाकारीत नाही. मशेरी लावणारी स्त्री मात्र ‘दात घासते’. सकाळी एकदा, मग दुपारी कामाचा भार हलका झाल्यावर, मग रात्री भांडी उरकल्यावर. दिवसातून चार-पाच वेळा दात घासण्याची गरज मंजनाची नसते, ती निकोटिनची असते. पण घरात, शेजारात आणि बऱ्याचदा दवाखान्यातही तिची गणना व्यसनात होत नाही.

ही सवय किती खोल रुजली होती याचा पहिला मोठा पुरावा महाराष्ट्रातूनच आला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तेव्हाच्या पुणे जिल्ह्यातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या पाहणीत मशेरी लावणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आढळले होते. पुरुषांत ते एक टक्काही नव्हते. त्यानंतर काळ पालटला. शाळा वाढल्या, चुली कमी झाल्या, तरुण मुलींनी मशेरीकडे पाठ फिरवली. तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी धूम्रपान करणाऱ्या अवघ्या १.४ टक्के होत्या, तर धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १६.६ टक्के. महाराष्ट्रातील स्त्रीचे तंबाखूसेवन हे मुख्यतः तोंडातले आहे, धुरातले नव्हे. दुकानासमोर ते दिसत नाही, म्हणून धोरणकर्त्यांच्याही नजरेत भरत नाही.

मशेरीच्या घातकतेविषयी शंकेला जागा राहिलेली नाही. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी १९८० च्या दशकात मशेरीचा रासायनिक आणि जैविक अभ्यास केला. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक द्रव्ये तिच्यात असतातच. भाजण्याच्या प्रक्रियेत बेंझोपायरीनसारख्या ज्वलनजन्य द्रव्यांची त्यात भर पडते, असे त्यांतून पुढे आले. म्हणजे भाजल्याने तंबाखू ‘सौम्य’ होते, ही घराघरांतील समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. याच संस्थेचा वारसा सांगणारे टाटा स्मारक केंद्राचे ‘अॅक्ट्रेक’ हे संशोधन केंद्र आज खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच उभे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने धूरविरहित तंबाखूला मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून नोंदले आहे, आणि सुपारीलाही. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचा अभिमान बाळगणाऱ्या किनाऱ्याला हे ऐकणे कडू वाटेल, पण ते टाळता येणारे नाही.

हानी केवळ तोंडापुरतीही नाही. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरल्याचे त्यात आढळले. गर्भारपणात हिरड्या मुळातच हळव्या होतात, चटकन सुजतात, त्यांतून रक्त येते. नेमक्या त्याच काळात मळमळीवर उतारा म्हणून मशेरीचे बोट तोंडात जाते.

कायदा तव्यापाशी थांबतो

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. एप्रिल १९९२ मध्ये केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास मनाई केली. उत्पादकांनी त्याला आव्हान दिले, पण १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी ग्राह्य ठरवली. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अल्पवयीनांना तंबाखू विकणे गुन्हा ठरवले. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली.

या साऱ्या तरतुदींचा रोख कारखाना, पाकीट आणि दुकान यांवर आहे. मशेरी यांतून सहज निसटते. तंबाखूची पाने बाजारातून आणायची, घरच्या तव्यावर भाजायची आणि घरच्या खलबत्त्यात कुटायची. या मार्गात कायद्याला हात घालता येईल असा टप्पाच येत नाही. मंजनातली तंबाखू बेकायदा, पण तंबाखूचे मंजन घरात कायदेशीर, अशी ही विसंगती आहे. ती पोलिसी उपायांनी सुटणारी नाही, हे उघड आहे. पण म्हणूनच आरोग्ययंत्रणेवरची जबाबदारी वाढते, आणि तेथे एक साधी त्रुटी नजरेस येते. तीस वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीसाठी आशा सेविका घरोघर जो अर्ज भरतात, त्याच्या केंद्रीय नमुन्यात धूरविरहित तंबाखूची उदाहरणे म्हणून गुटखा आणि खैनी यांची नावे दिलेली आहेत. कोळीवाड्यातील एखाद्या बाईला “गुटखा, खैनी खाता का?” असे विचारले तर ती प्रामाणिकपणे “नाही” म्हणेल. ती मशेरी लावते. खात काहीच नाही. प्रश्नच चुकीच्या भाषेत विचारला गेल्याने उत्तर चुकीचे येते आणि आकडेवारीत ती निर्व्यसनी ठरते.

पांढरेपणाचे रसायन

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. दात उजळवण्याच्या आधुनिक पद्धतीला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. तिच्यामागे शास्त्र आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा त्यात विघटित होणारे कार्बामाइड पेरॉक्साइड, इनॅमलमधून आत शिरते आणि रंग देणाऱ्या रेणूंचे तुकडे करते. अमेरिकेतील हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी १९८९ मध्ये रात्री दातांवर साचा बसवून त्यात सौम्य जेल ठेवण्याच्या पद्धतीची मांडणी केली. त्यातील १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची ताकद साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडएवढी असते. दंतवैद्याने तपासून, मापाचा साचा करून आणि ठरावीक दिवसांसाठी दिलेली ही पद्धत दीर्घकाळच्या अनुभवातून पुरेशी सुरक्षित ठरली आहे.

घरी वापरण्याची ही पद्धत जन्माला आली ती दंतवैद्याच्या देखरेखीखाली. पुढे ‘घरी’ हा शब्द उरला आणि देखरेख गळाली. पाकिटातून येणारा साचा कोणाच्याच मापाचा नसल्याने सर्वांच्याच हिरड्यांवर सांडतो. पेरॉक्साइड हिरडीला लागले की ती पांढरी पडते, चुरचुरते. प्रमाण अधिक असेल तर साल निघाल्यासारखी जखम होते. बहुतेकदा ही जखम काही दिवसांत भरते. पण मुळात सुजलेली, दातापासून सुटलेली हिरडी असेल तर द्रावण खाली उघड्या मुळापर्यंत पोहोचते. मुळावर इनॅमल नसते. तेथे कळ उठते आणि थंड पाण्याचा घोटही नकोसा होतो.

युरोपीय संघाने या धोक्याची दखल घेऊन २०१२ पासून स्पष्ट रेषा आखली. ०.१ टक्क्यापर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली उत्पादने ग्राहकाला थेट विकता येतात. त्याहून अधिक, ६ टक्क्यांपर्यंतची उत्पादने केवळ दंतवैद्यांना विकायची, प्रत्येक वेळचा पहिला वापर दंतवैद्याच्या देखरेखीखाली करायचा आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ती द्यायची नाहीत. भारतात दंतवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत व्यक्तीनेच करावा, असे १९४८ चा दंतवैद्य कायदा सांगतो. परंतु सौंदर्यप्रसाधन म्हणून पार्सलाने घरी येणारी पेटी या चौकटीत सहज सापडत नाही. मशेरीला तवा जसा कायद्याच्या नजरेआड नेतो, तसेच काम येथे कुरिअरचे खोके करते.

स्वयंपाकघरातील उपाय निरुपद्रवी असतील, अशीही एक भाबडी समजूत आहे. तोंडातील आम्लता ५.५ सामूच्या खाली गेली की इनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो. तो दातांवर चोळणे म्हणजे कोकम-चिंचेने तांब्याचे भांडे उजळवण्यासारखे आहे. भांडे चकाकते, कारण वरचा थर निघून जातो. तांब्याच्या भांड्याला तो तोटा परवडतो, दाताला परवडत नाही. लिंबू चोळून लगेच वर मीठ घासणे हे तर मऊ झालेले कवच खरवडून काढणेच होय.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत सांगितली जात नाही. चहा, पान, तंबाखू यांचे वरवरचे डाग आणि दाताच्या आतला रंग हे दोन वेगळे प्रकार आहेत. वरचे डाग दंतवैद्याकडील साध्या साफसफाईने जातात. त्यासाठी पेरॉक्साइडची गरजच नसते. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन औषधामुळे किंवा पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे आलेला रंग घरगुती उपायांनी सहसा हलत नाही. भरलेले सिमेंट आणि बसवलेली टोपी तर रंग बदलतच नाही. उलट बाजूचे दात उजळल्यावर ती अधिक उठून दिसते.

रक्त हा निरोप आहे

या साऱ्या धांदलीत ज्या हिरडीकडे दुर्लक्ष होते, तिचा आजार मुकाट्याने वाढणारा आहे. डेन्मार्कमधील हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये एक साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या; घासणे पुन्हा सुरू करताच सूज ओसरली. हिरडीचा दाह हा दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे होतो आणि आरंभी तो पूर्णपणे परतवता येतो, हे यातून सिद्ध झाले. पुढे याच संशोधकाने श्रीलंकेतील चहामळ्यांतील, दात घासण्याची सवय नसलेल्या ४८० मजुरांचा १९७० पासून पंधरा वर्षे पाठपुरावा केला. त्यांपैकी आठ टक्क्यांत हिरड्यांचा आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, तर ११ टक्क्यांत तो पहिल्या पायरीपुढे गेलाच नाही. “आमच्या आजोबांनी जन्मभर मशेरी लावली, तरी दात खणखणीत होते” या नेहमीच्या युक्तिवादाचे उत्तर या ११ टक्क्यांत आहे. असे आजोबा असतात. पण दर नऊ-दहा जणांत एखादे.

हिरडीतून रक्त येणे हा शरीराचा निरोप असतो. आपल्याकडे त्याचा अर्थ नेमका उलटा लावला जातो. रक्त येते म्हणून त्या जागी घासणे बंद केले जाते, थर वाढतो, आजार बळावतो. तंबाखूने हा निरोपच दबतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि आतून हिरडी पोखरली जात असतानाही रक्तस्राव कमी दिसतो. मशेरीने ठणका क्षणभर बधिर होतो, यालाच ‘मशेरीने दात बळकट होतात’ असे म्हटले जाते. रोज जेथे बोट टेकते तेथे हिरडी मागे सरते, मूळ उघडे पडते, आणि कधी कधी तेथेच न पुसला जाणारा पांढरा चट्टा उमटतो. तोंडातला हा पांढरेपणा कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो. दातांच्या शुभ्रतेसाठी आरशासमोर वेळ घालवणाऱ्यांनीही ओठ उलटून हा पांढरा रंग कधी तपासलेला नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात हिरड्यांच्या तीव्र आजाराचे सुमारे शंभर कोटी रुग्ण आहेत. मधुमेहाशी या आजाराचे नाते दुहेरी आहे. रक्तातील साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणे अवघड जाते. किनाऱ्यावर मधुमेह आता केवळ सुखवस्तूंचा आजार राहिलेला नाही, हे ध्यानात घेतले तर हिरडीचा प्रश्न दिसण्यापुरता नाही, हे पटावे.

अंतराचे अर्थकारण

लोक घरगुती उपायांकडे अज्ञानामुळे वळतात, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रायगडचा नकाशा वेगळेच सांगतो. जिल्ह्यातील दंत महाविद्यालये खारघर आणि कामोठे येथे, म्हणजे मुंबईला लागून असलेल्या उत्तर टोकाला आहेत. तेथे नाममात्र दरात तपासणी, साफसफाई, दात भरणे होते. तेथून श्रीवर्धन सुमारे दीडशे किलोमीटर. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. पण मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या खाडीकाठच्या वाड्यांतून तेथे जाणे म्हणजे एक दिवसाची कमाई बुडवणे. मासळी विकणाऱ्या बाईचा दिवस लिलावाच्या वेळेवर चालतो, दवाखान्याच्या वेळेवर नाही. मग दात ठणकेपर्यंत थांबायचे आणि ठणकला की उपटून टाकायचा, हाच तिचा दंतोपचार होऊन बसतो. दोन्ही टोकांच्या मध्ये असलेली साफसफाई तिच्या वाट्याला येतच नाही. त्यात ‘दात साफ केले की सैल होतात’ हा समज. वास्तविक दात आधीच सैल झालेला असतो. दगडासारख्या साचलेल्या थराने त्याला धरून ठेवलेले असते, तो निघाल्यावर सत्य उघडे पडते.

तरुणांच्या पांढरेपणाच्या हौसेलाही केवळ छचोरपणा म्हणता येत नाही. मांडव्याला मार्च २०२० पासून रो-रो बोट लागू लागली आणि अलिबाग, नागाव, काशीदच्या पर्यटनाला वेग आला. हॉटेल, रिसॉर्ट, जलक्रीडा यांत नोकरी मागणाऱ्या मुलामुलींकडून हसतमुख दिसण्याची अपेक्षा असते. लग्न ठरलेल्या मुलीवर छायाचित्रांचे दडपण असते. दिसण्यावर रोजगार आणि सोयरीक अवलंबून असेल, तर दिसण्यावर खर्च होणारच. प्रश्न इतकाच की तो खर्च कोणत्या क्रमाने व्हावा.

क्रम महत्त्वाचा

दंतवैद्यकाचे उत्तर साधे आहे. आधी तपासणी, मग साचलेल्या थराची साफसफाई, मग हिरडी भरून येईपर्यंत धीर, आणि त्यानंतर हवेच असेल तर उजळणे. अनेकांच्या बाबतीत दुसऱ्या पायरीवरच काम भागते, कारण डाग थरासोबत निघून गेलेले असतात. घासताना रक्त येत असेल, मूळ उघडे असेल, दात किडलेला असेल, वय अठराच्या आत असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर पेरॉक्साइड दूर ठेवावे. पाकिटावर घटकांची टक्केवारी छापलेली नसेल तर ते तोंडात घालण्याच्या लायकीचे नाही, असे खुशाल समजावे. रोजच्यासाठी मऊ ब्रश, फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि दिवसातून दोनदा पुरेशी दोन मिनिटे, यापलीकडे हिरडीची मागणी फार नाही.

शासनाला करता येण्याजोग्या गोष्टीही अवाढव्य नाहीत. जून-जुलैत मासेमारी बंद असते. नौका किनाऱ्याला शाकारलेल्या असतात आणि खलाशी व त्यांची घरे नारळी पौर्णिमेच्या तयारीपर्यंत गावातच असतात. दंत महाविद्यालयांची फिरती पथके या दोन महिन्यांत करंजा, रेवदंडा, राजपुरी, दिघी, जीवना येथे पोहोचली, तर वर्षभर हुकणारी माणसे सापडतील. आशा सेविकेच्या अर्जात मशेरी हा शब्द छापायला कागदाखेरीज खर्च नाही. गर्भवतीच्या पहिल्या तपासणीत रक्तदाबासोबत “मशेरी लावता का?” हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, आणि होकार आला तर दटावणीऐवजी मदत मिळाली पाहिजे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे; पण मशेरी हे व्यसन आहे हेच ज्यांना सांगितले गेले नाही, त्यांच्या दृष्टीने ती दुसऱ्याच कोणासाठी आहे. आणि पेरॉक्साइडच्या ऑनलाइन विक्रीसाठी युरोपसारखी स्पष्ट टक्केवारीची रेषा आखणे, हे केंद्राच्या अखत्यारीतील काम आहे.

राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला, राज्याचे अभियान २०२३ मध्ये. या दोन्हींच्या यशाचे मोजमाप हसऱ्या छायाचित्रांवरून होऊ नये. श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत पन्नाशीच्या किती बायकांच्या तोंडात त्यांचे स्वतःचे दात शिल्लक आहेत, त्यांतल्या कितींनी मशेरी सोडली आणि कितींच्या तोंडातला पांढरा चट्टा वेळेत कोणाला दिसला, हे मोजणे कष्टाचे आहे. पण हिरडीच्या आरोग्याचा हिशेब त्याच वहीत लिहावा लागेल.